त्रेसष्ट टिकल्या

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. फैजपूर

बावीस वर्षं बालवाडी चालवून झाली आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा नोकरी. हसावं की रडावं. वही सुरू केली आहे कारण संस्थेचे फॉर्म भरताना मनातलं लिहायला जागाच नसते, नुसते चौकोन.

काम असं आहे. ज्या घरात लेकराला मारहाण होईल अशी धास्ती वाटते, त्या घरी आठवड्यातून एकदा जायचं. आईबापाशी बोलायचं, राग आला की हात उचलायच्या आधी काय करायचं ते शिकवायचं. पोलीस नाही, तक्रार नाही. घडायच्या आधीच थांबवायचं. आमच्या मेघा मॅडम धुळ्याच्या, वय सत्तावीस, अजून लग्न नाही, पोर नाही, पण पोरं कशी वाढवायची ते सगळं पाठ. मला 'सुनंदाताई' म्हणतात, गोड आहेत. मला सहा घरं दिली.

प्रशिक्षणात सांगितलं, एक चापटसुद्धा चालणार नाही. मी मान डोलावली. माझ्या लेकाला, जितेंद्रला, मी लाटण्यानं, छडीनं, हाताला येईल त्यानं मारलं. इंजिनिअर झाला, पुण्यात फ्लॅट घेतला. काय बिघडलं? पण नोकरी म्हटल्यावर बोलायचं ते बोलू.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं घर भूपेंद्रचं. फैजपूरहून रिक्षानं पंधरा मिनिटं, गावाबाहेर केळीच्या बागांना लागून. आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, 'उद्या अकराला येते' म्हणून. घर सारवलेलं, चहा तयार, खुर्चीवर टॉवेल टाकलेला.

भूपेंद्र तिशीचा, केळीची गाडी चालवतो. माणूस नम्र. आल्या आल्या पाया पडला, मावशी म्हणाला. त्याची आई बेबाबाई माझ्या माहेराकडची निघाली, मग काय, अर्धा तास त्यातच गेला. सून दिपमाला सोनगीरची, अहिराणी बोलणारी. बोलणारी म्हणायचं आपलं, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मुलगी भाविका, पाच वर्षांची. अंगणवाडीच्या लताबाईंनी यांचं नाव दिलं होतं, कारण पोरीचा कान एकदा काळानिळा दिसला आणि कोणी जवळून गेलं की ती डोक्यावर हात धरते.

आज माझ्या डोळ्यांदेखत कळलं कोण मारतं ते. भाविकानं चहाचा कप लवंडला. भूपेंद्र उठायलाच लागला होता, पुसायला असेल, तेवढ्यात दिपमालानं झेप घेतली, पोरीच्या गालात एक ठेवून दिली आणि तिला ओढत आत नेलं. पाहुण्यांसमोर. भूपेंद्र बिचारा पुन्हा बसला. बेबाबाई म्हणाली, "आमची सून जरा गरम डोक्याची हाये, बाई. तुम्हीच सांगा तिले काई."

फॉर्ममध्ये लिहिलं: आई तापट, हात उगारते. वडील समजूतदार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मेघा मॅडमनी आज बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. एकदा तरी न सांगता जा. आणि मुलाशी एकट्याशी बोला. मी म्हटलं, मॅडम, आपल्याकडे न कळवता कोणाच्या चुलीपर्यंत शिरतात का? दुसऱ्यांदा दार उघडणार नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं.

उलट मीच त्यांना एक कल्पना दिली. बालवाडीत मी शहाण्या पोरांच्या हातावर टिकली लावायचे, पोरं त्यासाठी जीव टाकायची. तसं प्रत्येक घराला एक कॅलेंडर द्यायचं. ज्या दिवशी लेकरावर कोणीही हात उचलला नाही, त्या दिवसाच्या चौकोनात बाईनं आपल्या पाकिटातली टिकली लावायची. एक मार्च ते दोन मे, त्रेसष्ट दिवस. कॅलेंडर भिंतीवरून काढायचं नाही, आख्खं घर एका छपराखाली असलं तरच टिकली. चार मेला गावच्या समाजमंदिरात कार्यक्रम, आणि जिच्या सगळ्यात जास्त टिकल्या तिला सरपंचबाईंच्या हातून मानाची साडी. मॅडम जरा घुटमळल्या. म्हणाल्या, बक्षीस नको, लोक खोटं लावतील. मी म्हटलं, सौभाग्याच्या टिकलीशी कोण खोटं बोलेल? शेवटी हो म्हणाल्या.

आज चक्क झोप येईल चांगली.

११ मार्च, मंगळवार

भूपेंद्रच्या घरी अकराच्या अकरा चौकोन भरलेले, लाल टिकल्या, एका रेषेत. भूपेंद्रनं स्वतः दाखवलं. "मावशी, आता घरात आवाज नाही." खरंच नव्हता. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, मी तिथे होते तोवर हलली नाही. बालवाडीत अशी पोरं मिळाली असती तर माझे गुडघे शाबूत राहिले असते.

माझ्या सहांतलं दुसरं घर अभिमनचं, तिथे मात्र बोंब. अभिमनची बायको कुंदा, चार लेकरांची आई. अकरापैकी फक्त चार टिकल्या. म्हणते, मारलं तर लावू कशी? मी तिला चांगलं झापलं.

२५ मार्च, मंगळवार

आज भाविका भेटली नाही. आतल्या खोलीत झोपलेली. बेबाबाई म्हणाली, "अंगात कसकस हाये, रातभर जागी होती. झोपेल हाये, उठवू नका." मी दारातून पाहिलं, चादर गळ्यापर्यंत. एवढ्या उन्हाळ्यात. दिपमाला तिच्या उशाशी बसून होती, मला पाहून उठली नाही की चहा विचारला नाही. मान राखायला हिला कोणी शिकवलं नसेल.

टिकल्या पंचवीस. काहीच बाकी नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मेघा मॅडमशी वाजलं. सहा घरांची कॅलेंडरं टेबलावर फोटोत मांडली होती. पाच घरांत भोकं भोकं, भूपेंद्रच्या घरात एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, जिथे रिकाम्या जागा आहेत ती घरं मला खरी वाटतात. भूपेंद्रच्या घरी एकदा अचानक जाऊन या." मला राग आला. म्हटलं, जिथे काम चांगलं झालं तिथेच तुम्हाला संशय. मी बावीस वर्षं पोरं पाहिली आहेत, मला पोराच्या तोंडावरून कळतं. त्यांनी वाद वाढवला नाही, जाऊन आलात का ते पुढच्या आठवड्यात विचारेन, एवढं म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं. 

१५ एप्रिल, मंगळवार

जितेंद्रचा फोन. मी म्हटलं, सुट्ट्या लागल्या, आराध्याला महिनाभर पाठव, मला करमत नाही. तो म्हणाला, नको मम्मी, तिचा क्लास आहे. दर वर्षी क्लास असतो. सात वर्षांच्या पोरीला कसला एवढा क्लास. सून काही बोलू देत नसेल.

मॅडमनी अचानक जाऊन आलात का विचारलं, मी हो म्हटलं; जाणार होते, राहून गेलं. भूपेंद्रकडे सेहेचाळीस टिकल्या. भाविकाला नवा फ्रॉक घेतला आहे, लांब बाह्यांचा, गळ्याशी बटण. गोड दिसत होती. मी दोन गोळ्या दिल्या, तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग घेतल्या. वळण चांगलं लागलंय.

२७ एप्रिल, रविवार

आज भर दुपारी दाराशी दिपमाला. पदर डोक्यावरून सुटलेला, हातात कापडी पिशवी, कडेवर भाविका. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आणि पोरीला तोच लांब बाह्यांचा फ्रॉक. मी आधी पंख्याखाली बसवलं.

ही एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकली, नवऱ्याला सांगा, पोरीला घेऊन माहेरी जाते म्हणून. "मावशी, तुम्ही सांगा ना त्यास्ले. तुमनं ऐकतस. माले आखाजीले सोनगीर जाऊ द्या म्हना. चारच दिन. पोरले बी लई जास."

आता आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कोणत्या लेकीला माहेरी जावंसं वाटत नाही? झोके, गाणी, आईच्या हातचं पुरण. मलाही अजून वाटतं आणि आई जाऊन वीस वर्षं झाली. पण मी तिला समजावलं. म्हटलं, बाई, आज सत्तावन्नावा... नाही, आज अठ्ठावन्नावा दिवस. पाच दिवस राहिले. तू गेलीस तर चौकोन रिकामे राहतील आणि हातातोंडाशी आलेला पहिला नंबर जाईल. तुझ्यासाठी नाही, नवऱ्याच्या मेहनतीसाठी थांब. कार्यक्रम झाला की मी स्वतः तुला बसमध्ये बसवून देईन. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पाच दिन लई शेतस, मावशी," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, खूप कसले, डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातील.

भाविकाला पाणी दिलं तर तिनं डाव्या हातानं पेला धरला. मी म्हटलं, बेटा, उजव्या हातानं घे, डाव्यानं घेत नाहीत. तिनं उजवा हात पुढे केला, पेला धरवेना, पाणी सांडलं. लगेच आईच्या पदरात तोंड. मी काही रागावले नाही, उलट फडकं घेऊन मीच पुसलं.

मग मी भूपेंद्रला फोन केला. म्हटलं, तुझी बायको उन्हाची इकडे आली आहे, येऊन घेऊन जा, आणि तिला बोलू नकोस. वीस मिनिटांत मोटारसायकल घेऊन हजर. पाया पडला. "मावशी, तुमचे उपकार," म्हणाला. दिपमाला पोरीला घेऊन मागे बसली.

एक घर मोडता मोडता वाचवलं आज. फॉर्ममध्ये ही भेट लिहिली नाही, रविवार होता.

४ मे, रविवार

कार्यक्रम छान झाला. चैत्रातलं हळदीकुंकू आखाजीला संपतं, पण आम्ही कार्यक्रमाला जोडून पुन्हा केलं. कैरीची डाळ, पन्हं, बायका नटून आलेल्या. सहाही कॅलेंडरं भिंतीवर लावली. भूपेंद्रच्या घरच्या त्रेसष्ट टिकल्या, पूर्ण. सरपंचबाईंनी साडी दिली, बेबाबाईनं खांद्यावर घेतली. भूपेंद्रचा पेपरासाठी फोटो काढला. त्यानं भाषणही केलं, की माणसानं मनावर घेतलं तर राग जिंकता येतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंदाच्या एकोणीस. शेवटचा नंबर. मी नावं वाचताना तेही वाचलं, थोडी लाज वाटली तर सुधारेल म्हणून.

भाविका आली नव्हती. आखाजीला झोक्यावरून पडली, हात मुरगळलाय, घरी झोपली आहे असं बेबाबाई म्हणाली. दिपमालानं प्रसाद घेतला आणि लगेच निघून गेली.

६ मे, मंगळवार

लिहवत नाही.

सकाळी मेघा मॅडमचा फोन, जळगावच्या दवाखान्यात या. लताबाईंनी काल भाविकाला अंगणातून पाहिलं, हात कोपरापाशी सुजून भोपळा झालेला. त्यांनी कोणाला न विचारता रिक्षा बोलावली, दिपमाला आणि पोरीला बसवलं आणि थेट जळगाव गाठलं. न विचारता.

डॉक्टरीणबाई साध्या आवाजात बोलत होत्या, त्याचाच जास्त त्रास झाला. हाड पिळून मोडलं आहे. झोक्यावरून पडून असं मोडत नाही, कोणी हात धरून पिरगाळला तर मोडतं. पाचेक दिवस झाले असावेत. लगेच आणली असती तर सरळ बसलं असतं, आता कोपर पूर्ण सरळ होईल का सांगता येत नाही. पाच दिवस का आणली नाही? दोन मेला टिकल्या संपत होत्या आणि चारला कार्यक्रम होता. हे डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मग त्यांनी एक्स-रेच्या फोटोत मनगटावर बोट ठेवलं. इथे जुना मोड आहे, आपोआप जुळलेला, साधारण सहा आठवड्यांपूर्वीचा. मी बाहेर येऊन ही वही चाळली. पंचवीस मार्च. चादर गळ्यापर्यंत. 'टिकल्या पंचवीस, काहीच बाकी नाही.' माझंच अक्षर.

आत गेले तेव्हा भाविका जागी होती. हळूच म्हणाली, "आजी, मी रडली नही. टिकली नही जायची ना?" तिला सांगितलेलं होतं, रडलीस तर टिकली जाईल आणि टिकली गेली तर पप्पा चिडतील. मी बाहेर आले. जिन्यात बसले. माणसं माझ्या अंगावरून ये-जा करत होती.

९ मे, शुक्रवार

आज बालकल्याण समितीसमोर पहिली तारीख. भूपेंद्र आणि बेबाबाई दोघांनी एकच सांगितलं, की मारते ती दिपमाला. त्यांच्या वकिलानं आमच्या संस्थेचे फॉर्म मागवून घेतले होते. वाचून दाखवलं: 'आई तापट, हात उगारते. वडील समजूतदार.' खाली सही सुनंदा रतिलाल महाजन. नंतर नऊ आठवड्यांचे फॉर्म, सगळे एकापेक्षा एक. नंतर पेपरातला फोटो.

मग दिपमाला बोलायला उभी राहिली. तिची अहिराणी तिथल्या लिपिकाला अर्धी कळत नव्हती. 'मी मारं, हाओ,' एवढं मात्र सगळ्यांना कळलं. ती खरंच म्हणाली. पुढे ती म्हणत होती, की तो उठला की मीच आधी एक मारून पोरीला आत न्यायची, म्हणजे त्याच्या हातून वाचेल. ते कोणी लिहून घेतलं नाही. आणि मी अठरा फेब्रुवारीला तिथेच बसले होते, खुर्चीवर टॉवेल घालून. भूपेंद्र उठत होता. पुसायला उठत होता म्हणे.

भाविकाला बालगृहात पाठवलं. आईलाही आठवड्यातून एकदाच भेट. पुढची तारीख तेवीस मे. पोरगी बापाकडे परत जाते, आईकडे जाते की तिथेच राहते, हे त्या दिवशी ठरणार.

१३ मे, मंगळवार

मेघा मॅडम आणि मी उरलेल्या पाच घरांत फिरलो, फोन न करता. कॅलेंडरं उतरवली. कुंदानं तिचं आपणहून उतरवून ठेवलं होतं, हातात दिलं. म्हणाली, "ताई, मी खरं खरं लावलं म्हणून तुम्ही मले बठ्ठ्या गावासमोर शेवटची केली. ज्यानं खोटं लावलं त्याले साडी." मी म्हटलं, चुकलं माझं, कुंदा. बायको म्हणून, आई म्हणून, बाई म्हणून मी हे शब्द आयुष्यात कोणाला बोललेले आठवत नाही. तिनं पाणी दिलं.

१८ मे, रविवार

तीन दिवस मी स्वतःशी भांडते आहे. सत्तावीस एप्रिलची भेट भूपेंद्रखेरीज फक्त तिघींना ठाऊक आहे, मी, दिपमाला आणि पोरगी, आणि तो काही सांगणार नाही. दिपमालाला कोणी विचारलं नाही आणि पोरीचं कोणी ऐकणार नाही. मी गप्प बसले तर कोणी मला पकडणार नाही. संस्थेत राहीन, गावात मान राहील, बेबाबाईच्या माहेराकडचे लोक माझ्या दारावर येणार नाहीत. सांगितलं तर फैजपूरला उजळ माथ्यानं बाजारात जाता येणार नाही. वय काय माझं आणि भीती कशाची.

जितेंद्रला फोन केला. सगळं सांगितलं. मग विचारलं, तू आराध्याला माझ्याकडे का पाठवत नाहीस? त्यानं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. म्हणाला, "मम्मी, तुला वाटतं मी विसरलो." मी म्हटलं, मला वाटत होतं. तो म्हणाला, "तू सांग त्या समितीला. नाही सांगितलंस तर मला फोन करू नकोस." आईला असं बोलतात का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

२३ मे, शुक्रवार

सांगितलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, आईनं कधी मदत मागितली होती का? मी म्हटलं, हो, माझ्या घरी उन्हातान्हात पोर घेऊन आली होती. माहेरी जाऊ द्या म्हणाली. मी तिला थांबवलं आणि मीच नवऱ्याला फोन करून तिला परत त्याच्या हवाली केलं. पोरीचा उजवा हात तेव्हाच चालत नव्हता. मी पाहिलं होतं आणि मला दिसलं नाही. फॉर्ममध्ये लिहिलं नाही, पण माझ्या वहीत आहे. मी वही टेबलावर ठेवली. पानांचे त्यांनी मोबाईलवर फोटो काढून घेतले, लाटण्याच्या आणि आराध्याच्या पानाचेसुद्धा. काढू देत.

भूपेंद्रचा वकील म्हणाला, मग तुमच्या नऊ आठवड्यांच्या नोंदी खोट्या? मी म्हटलं, नोंदी खऱ्या आहेत, मी जे पाहायला गेले तेच पाहून आले. सांगून जायचे, त्यामुळे त्यांना जे दाखवायचं तेच मला दिसायचं. लिपिकानं जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे का विचारलं. बरोबर आहे म्हटलं आणि सही केली. 

बेबाबाई बाहेर व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला नाही नाही ते बोलली. भूपेंद्र नुसता पाहत राहिला. मला आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली. त्या पोरीनं हे पाच वर्षं रोज पाहिलं असेल.

६ जून, शुक्रवार

समितीचा निकाल आला. भाविका आईच्या ताब्यात, राहणं सोनगीरला आजोळी. भूपेंद्रवर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे, तो जामिनावर आहे. मेघा मॅडम धुळ्याच्या, सोनगीर तिथून जवळ, म्हणून तिथल्या भेटी त्या स्वतः घेणार. मला कोणी काढलं नाही, मी आपणहून सहा महिने घरभेटी सोडल्या आहेत. ऑफिसात बसून लताबाईसारख्या बायकांचे फोन घेणार आहे.

पोरीला न्यायला दिपमालाचा भाऊ आला होता. मी लांबच उभी राहणार होते, पण दिपमालानंच हाक मारली. आभार मानायला नाही. म्हणाली, "आखाजीले बोलत्यात, तं हात वाचता." मी म्हटलं, हो. तेव्हा बोलले असते तर वाचला असता. ती सही करायला आत गेली आणि भाविका बाकावर माझ्याशेजारी दोन मिनिटं एकटी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एकटी. हाताचं प्लास्टर निघालं आहे, कोपर वाकडंच. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, ताठ बसली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "झोक्यावरून पडली मी."

मी तिला काहीच विचारलं नव्हतं.